थाप

आमचा कॉम्प्युटर २०१२ सालचा. टेबलाखालच्या काळ्या डब्याला घरात सगळे सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, हा त्या डब्यात कुठेतरी बसलेला, मारी बिस्किटाहून लहान चौकोनी तुकडा, हे मला आता ठाऊक झालंय. तरी बोलताना अजूनही डब्यालाच सीपीयू म्हणतो. गावाला एकदा पडलेलं नाव बदलत नाही, तसं ते.

जुलैच्या अखेरीस त्याने कुरबुर सुरू केली. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलैतच उरकून घेतो. उशीचे अभ्रे वाळत नाहीत, पापड कडक राहत नाहीत. मी हापूसच्या पेट्यांचा हिशेब लावत बसलो होतो. दहा-पंधरा मिनिटं झाली आणि फट्कन अंधार. दिवे चालू, पंखा चालू, कॉम्प्युटर बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा दहा मिनिटांनी तेच. पूर्वी निळा पडदा यायचा, त्यावर काहीतरी आकडे असायचे. समजत नसले तरी कुणीतरी काही सांगतंय असं वाटायचं. इथे तेही नाही. बोलता बोलता माणसाने उठून निघून जावं, तसा तो जात होता.

तिसऱ्या वेळी माझा हात आपोआप उठला आणि मी डब्याच्या कुशीत एक सणसणीत थाप मारली.

यात माझा एकट्याचा दोष नाही. ज्या घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं चित्र वरून खाली पळायला लागलं की बाबा उठून उजव्या अंगाला एक ठेवून द्यायचे आणि चित्र मुकाट्याने जागेवर यायचं, त्या घरात मी वाढलो. त्यामागे शास्त्रही होतं. आतला एखादा सुटलेला टाका किंवा सैल झालेलं जोडकाम हादऱ्याने पुन्हा टेकायचं. पण आम्हाला शास्त्र नको होतं, बाबांचा हात पुरे होता.

थाप खाऊन कॉम्प्युटर बंद झाला तो झालाच. बटण दाबलं की पंखा फिरे, पुढचा हिरवा दिवा लागे, पण पडद्यावर ‘नो सिग्नल’. एवढंच.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो दुसऱ्या कुणाच्या घरी होता. मी लक्षणं सांगायला सुरुवात केली, अर्ध्यात तो म्हणाला, “सर, फॉरमॅट मारावा लागेल.” या लोकांच्या तोंडी हे वाक्य बसलेलंच असतं. फॉरमॅट हार्ड डिस्कचा होतो, म्हणजे तिच्यावरचं सगळं पुसायचं. बटण दाबल्यावर मशीन आधी स्वतःला तपासतं: प्रोसेसर आहे का, मेमरी आहे का, चित्र दाखवायला काही आहे का. हे सगळं जमलं तर डिस्ककडे वळतं. आमचं गाडं पहिल्याच पायरीवर अडलं होतं. उंबऱ्यात पाय मुरगळलाय आणि वैद्य माळा धुवायला सांगतोय. पण त्या क्षणी हे कुठे सुचायला? मला फक्त दहा वर्षांचा पेट्यांचा हिशेब वाहून जाताना दिसला.

रात्री पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल केला.

“मामा, बीप येतोय का?”

“कसला बीप?”

“अरे, आतल्या मुख्य बोर्डाला, जुन्या मशीनमध्ये, छोटा स्पीकर असतो. पडदा लागत नाही तेव्हा मशीन त्यातून बोलतं.”

आमच्या डब्यात तो नव्हताच. मारुती मंदिराजवळच्या दुकानातून चाळीस रुपयांना आणला. शेंगदाण्याएवढं काळं बोंडूक आणि त्याला दोन वायरी. ते बोर्डावर खोचलं, बटण दाबलं आणि चार दिवस मुकं असलेलं मशीन बोललं. एक लांब बीप, थोडी विश्रांती, पुन्हा एक लांब बीप. पहाटे लांबच्या बंदरात भोंगा व्हावा तसा. या बीपांची भाषा कंपनीगणिक वेगळी असते. बायोस म्हणजे मशीन जागं करणारा बोर्डावरचा प्रोग्राम; एका बायोसची शिवी ती दुसऱ्याची ओवी. बोर्डाची पुस्तिका शोधली, ती विम्याच्या कागदांत सापडली. लांब बीप पुन्हा पुन्हा, म्हणजे मेमरीची, रॅमची तक्रार.

“रॅम काढ,” भाचा म्हणाला. “पण आधी प्लग काढ. आणि हात लावायच्या आधी डब्याच्या पत्र्याला हात लाव, अंगातली वीज जाऊ दे.”

मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला. आत धूळ होती असं म्हणणं म्हणजे कोकणात दमट हवा असते असं म्हणण्यासारखं. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा चौकोन असतो. त्यातून वारा जावा म्हणून वर पंखा. त्या पात्यांमध्ये वारा सोडा, सुई जायला जागा नव्हती. मळकट राखाडी गोधडीच शिवली होती कुणीतरी. फुंकर मारली तर निम्मी माझ्या चष्म्यावर आली. मग रंगाचा जुना ब्रश घेतला. पंख्याच्या पात्याला अडकलेलं काहीतरी तपकिरी, कुरकुरीत, तळाशी थोडं केशरी हाती आलं. झेंडूची पाकळी.

दसऱ्याला आई पाटीपुस्तकांच्या शेजारी सीपीयूचीही पूजा करते. हळद, कुंकू आणि वर एक झेंडू. वरच्या जाळीतून पाकळी आत पडली असणार. म्हणजे तो मध्येच निघून का जायचा, ते कळलं. आतलं तापमान शंभर अंशांच्या पुढेमागे गेलं की प्रोसेसर जळण्याआधी स्वतःच बंद होतो. बिचारा जीव वाचवत होता. तापाने फणफणलेल्या माणसाच्या पाठीत मी धपाटा घातला होता.

आणि धपाट्याचं फळही समोर दिसत होतं. रॅमच्या दोन पट्ट्या, अर्ध्या वितीहून थोड्या मोठ्या. त्यातल्या एकीच्या टोकाची पांढरी खुंटी अर्धवट उघडी. पट्टी एका बाजूने केसभर वर आली होती.

दोन्ही काढल्या. खालच्या कडेला सोनेरी दात असतात. खरंच सोन्याचा मुलामा, कारण सोन्याला गंज चढत नाही. पण मळ आणि दमट हवा यांचा पापुद्रा बसतोच. पुतणीच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर घेतलं आणि हलक्या हाताने दात घासले. जाणकार म्हणतात की खोडरबराने मुलामा झिजतो, अल्कोहोलने पुसावं. खरं असेल. रात्री अकरा वाजता आमच्या घरात खोडरबर होतं.

आधी एकच पट्टी बसवली. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबलं. टक्. पलीकडे टक्. बटण दाबलं. एकच बीप, तोही आखूड, गुणी मुलासारखा. पडदा लागला. मग दुसरी पट्टी. तीही चालली. हिशेबाची फाइल उघडून आधी पेन ड्राइव्हवर घेतली, मग पाणी प्यायलो.

कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१२. प्लग काढल्यावर घड्याळ चालवायला बोर्डावर एक बटणसेल असतो, तो कधीच संपला होता. बँकेची साइट उघडेना, कारण २०१२ सालच्या त्या मशीनच्या लेखी तिचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडून सेल आणला. सीआर २०३२, तीन व्होल्टचा. त्याच्या नावातच त्याचं माप असतं: २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड.

सेल बसवून पत्रा लावत होतो तेव्हा आई चहा घेऊन आली.

“काय झालं होतं रे?”

“दमट हवा,” मी दुसरी थाप मारली.

तिने टेबलावरची पाकळी उचलली, बोटांत फिरवून पाहिली.

“गेल्या दसऱ्याला तूच घाईघाईत पूजा उरकलीस,” ती म्हणाली. “फूलसुद्धा धड ठेवलं नव्हतंस.”