कापडी डायपर, तीन आठवड्यांची गळती आणि अळवावरचं पाणी

मुलगी व्हायच्या आधी दोन महिने मी कापडी डायपरबद्दल इतकं वाचलं की बायको म्हणाली आता यावर पेपर देणारेस का. आणि तरी तिसऱ्या आठवड्यात रात्री अडीच वाजता मी ओलं दुपटं, ओली चादर आणि ओली बाही घेऊन उभाच.

प्रकार भराभर सांगतो, कारण तो भाग सोपा आहे, मीच उगाच अवघड करून ठेवला होता. फ्लॅट म्हणजे एकेरी मोठा कपडा, घड्या घालून बांधायचा, आपल्या लंगोटाचाच भाऊ. प्रीफोल्ड म्हणजे मधे जास्त थर शिवलेला आयत. फिटेडला इलॅस्टिक, टिचबटणं सगळं असतं पण बाहेरून ते वॉटरप्रूफ नसतं, म्हणून या तिन्हींवर वेगळं कव्हर लागतं. पॉकेट म्हणजे बाहेर पीयूएलचं म्हणजे आतून प्लॅस्टिकसारखा थर दिलेलं कापड, आत पिशवी, त्या पिशवीत इन्सर्ट म्हणजे शोषणारी सुटी पट्टी सरकवायची. आणि ऑल-इन-वन, सगळं एकत्र शिवलेलं, डिस्पोजेबलसारखं घाला आणि काढा. मी काय बघत होतो तर टिचबटणं चांगली की वेल्क्रो, प्रिंट कुठलं, बटणांच्या किती ओळी. आतलं कापड कसलं आहे हे मी एकदाही नीट वाचलं नाही.

तर घेतले एकदम बारा पॉकेट, वन साइज म्हणजे बटणांनी लहानमोठं होणारं एकच माप, आत बांबू आणि हेम्पचे म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे इन्सर्ट, पाकिटावर लिहिलेलं जन्मापासून चालेल. (एकाच प्रकारचे डझनभर घेऊ नका. प्रत्येकी दोन-दोन घ्या, वापरा, मग ठरवा. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं ते वेगळं.)

पहिल्या दिवशी वीस मिनिटांत गळलं. मला वाटलं सैल बसलंय, म्हणून बटण एक घर आत घेतलं, तर मांड्यांवर लाल वळ उठले आणि गळती तशीच. विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं, फिटिंग तपासा, सोबत एका गुटगुटीत सहा महिन्यांच्या बाळाचा फोटो. अहो आमचं तीन किलोचं बाळ, पाय काडीसारखे, त्या बाळाच्या एका मांडीत आमचे दोन्ही पाय मावतील! परत मेसेज केला. उत्तर, दोन इन्सर्ट घाला. घातले, तर डायपर एवढा फुगला की मांडीपाशी फट पडली आणि आता पाच मिनिटं आधी गळायला लागलं. तिसरं उत्तर, दर दोन तासांनी बदला. मी अर्ध्या तासाला बदलत होतो हो!! दिवसाला बारा वेळा बदलणं या वयात नॉर्मलच असतं, आमचं वीसच्या वर गेलेलं.

आई शांतपणे म्हणत होती, अरे सुती लंगोट बांध नि मोकळा हो. पण मी हट्टाला पेटलेलो. मला वाटलं पॉकेट हा प्रकारच वाईट, म्हणून चार ऑल-इन-वन मागवले, आत ब्लीच न केलेल्या कॉटनचे थर शिवलेले. ते पण गळले, वर वाळायला दीड दिवस, कारण थर सुटेच होत नाहीत.

मग एका दुपारी धुताना कोरडा इन्सर्ट नळाखाली धरला आणि बघतच राहिलो. पाणी आत जाईचना. अळवावरच्या पाण्यासारखे थेंब टपटप घरंगळत खाली. दुसरा धरला, तोच प्रकार. म्हणजे तीन आठवडे मी माझ्या मुलीला एक प्रकारचा रेनकोट आतून घालत होतो.

पाकिटाच्या तळाशी चतकोर कागद सापडला, अगदी बारीक अक्षरात, वापरण्यापूर्वी ६ ते ८ वेळा धुवा. हेम्प आणि कच्च्या कॉटनमध्ये मुळातच तेलकटपणा असतो, तो निघेपर्यंत कापड पाणी धरत नाही. तीन उत्तरांत हे एक वाक्य त्यांना लिहिता आलं नाही?! मला अजून राग येतो. आणि हो, मी ते एकदाच धुतले होते आणि बाळाला मऊ लागावं म्हणून त्यात सॉफ्टनर ओतलं होतं, ज्याने धाग्यावर थर बसतो आणि शोषणं अजूनच कमी होतं. हे मी मेसेजमध्ये लिहिलं नव्हतं.

गरम पाणी, नेहमीची पावडर, सॉफ्टनर नाही, सहा वेळा धुतले. परत नळाखाली धरला, पाणी गटकन आत. मी बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं, तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही. त्या दिवशी डायपर सव्वादोन तास टिकला.

मांडीची फट मात्र राहिलीच, ती धुण्याने जाणारी नव्हती. वन साइज लहान बाळाला बसतच नाही नीट, इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसायला हवं, आमचं मांडीवर लोंबायचं. मुलगी दोन महिन्यांची होईपर्यंत शेवटी प्रीफोल्ड आणि नवजात मापाचं कव्हर वापरलं. म्हणजे आईचा लंगोट, फक्त वरून कव्हर. तिने काही म्हटलं नाही, नुसती हसली. पाच किलोच्या पुढे पॉकेट छान बसायला लागले.

रात्रीसाठी फिटेड, आत हेम्प, वर कव्हर. हेम्प हळू शोषतं पण भरपूर धरतं, म्हणून पॉकेटमध्ये पटकन शोषणारं मायक्रोफायबर, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड, वर आणि हेम्प खाली ठेवायचं. मायक्रोफायबर थेट कातडीला लागू द्यायचं नाही, कोरडी पडते, ते पिशवीतच. आणि नुसत्या मायक्रोफायबरवर मूल बसलं की स्पंज दाबल्यासारखं सगळं बाहेर, कारसीटमध्ये हे हमखास होतं.

अजून एक राहिलं, झिंक किंवा व्हॅसलीनसारखं क्रीम लावत असाल तर बाळ आणि डायपर यांच्या मधे पातळ लायनर म्हणजे सुटं अस्तर टाका, नाहीतर ते कापडाला चिकटून परत अळवाचं पान. शंका आली की नळाखाली धरून बघा, विक्रेत्याला मेसेज करू नका.