आठ हजार वेढे आणि एक बेसूर नेक

इलेक्ट्रिक गिटार घरीच बनवायची हे खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मला वाटलं होतं की अवघड काम म्हणजे बॉडी. मग काय, महोगनी घेऊ की ॲश की अल्डर यावर दोन महिने नुसतं वाचत बसलो, आणि बॉडी प्रत्यक्षात दोन वीकेंडला कापून घासून तयार पण झाली. लाकडावरून लोक तासन्‌तास भांडतात, भांडू देत, पण पहिलीच गिटार असेल तर लाकूड नीट सुकलेलं आणि न वाकलेलं असलं की बास. ब्रायन मे या गिटारवादकाने 1963 मध्ये वडिलांबरोबर स्वतःची गिटार बनवायला घेतली तेव्हा नेकसाठी, म्हणजे गिटारच्या दांड्यासाठी, जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरलं होतं, ट्रेमोलोला (तारा ढिल्या-ताठ करून सूर हलवणारी यंत्रणा) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आणि पुढे क्वीन या रॉक बँडमध्ये तो तीच वाजवत राहिला.

माझी वाट लागली ती नेकवर. म्हणजे फ्रेटवर, नेकवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर.

गणित तसं सोपंय. स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी, नेकच्या टोकाच्या नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत, ती 648 मिमी धरली तर तिला 17.817 ने भागायचं, येतात 36.37, नटपासून तिथे पहिला फ्रेट, मग उरलेल्या लांबीला परत त्याच आकड्याने भागायचं, असं करत बारावा फ्रेट बरोब्बर मध्यावर, 324 वर यायला पाहिजे. मी शहाण्याने काय केलं, पहिल्यापासून दुसरा मोजला, दुसऱ्यापासून तिसरा, असं पट्टी सरकवत सरकवत गेलो. दर वेळी पेन्सिलच्या रेघेच्या जाडीएवढी चूक, दिसतच नाही ती, पण साचत जाते, आणि माझा बारावा फ्रेट निघाला 328 वर. चार मिलिमीटर! कानाला मात्र ते लगेच कळतं, मोकळी तार ई आणि बाराव्यावर दाबलेली तीच तार चांगली चढी. ब्रिज मागे सरकवून बघितला, बारावा जुळला तर सातवा बेसूर, कारण चूक सगळीकडे सारखी थोडीच होती. सगळी मापं नटपासूनच घ्यायची, पट्टी एकदा ठेवली की हलवायचीच नाही, एवढंच होतं ते. दुसऱ्या नेकला तसं केलं आणि पेन्सिलीऐवजी कटरच्या टोकाने खुणा केल्या.

पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारं चुंबकावरचं वेटोळं, विकत घेतला असता तर काही बिघडलं नसतं, पण खाज. 42 गेजची तांब्याची तार, केसापेक्षा जेमतेम जाड-बारीक, सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपला, साधारण आठ हजार वेढे. ते मोजायचे कसे? तर साध्या कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या (=) बटणाला रीड स्विच, म्हणजे मॅग्नेट जवळ आला की जुळणारा स्विच, सोल्डर करायचा, पिकअप ज्यावर फिरवतो त्या चकतीला छोटा मॅग्नेट चिकटवायचा, आधी 1 + 1 दाबायचं, मग चकतीच्या प्रत्येक फेरीला आकडा आपोआप एकने वाढतो. हे चालू झालं तेव्हा मी गिटार विसरून नुसता तो आकडा बघत बसलो होतो. तार बोटांमधून सोडताना जरा जास्त ताणली की टिच, आवाजसुद्धा येत नाही, चकती फिरतेय आणि आकडा पळतोय पण तार कधीच तुटलेली. पहिल्यांदा तुटली तेव्हा स्क्रीनवर 3000 च्या वर काहीतरी होतं, म्हटलं जाऊ दे, उठलो आणि झोपलो. तिसऱ्या प्रयत्नात मल्टिमीटरने 6 किलोओहमच्या आसपास दाखवलं, म्हणजे तार शाबूत.

वायरिंग फार नाही, 250 किलोओहमचे दोन पॉट (आवाज आणि टोनची फिरवायची बटणं), टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, जॅक, संपलं. तरी अँपला लावल्यावर हऽऽम असा आवाज. सिंगल कॉइल थोडी गुणगुणतेच हे माहीत होतं पण हे फारच होतं, आणि जॅकच्या धातूला बोट लावलं की कमी व्हायचं, तारांना लावलं तर काहीच फरक नाही. तेव्हा ट्यूब पेटली, ब्रिजखालून जाणारी ग्राउंडची वायर टाकायचीच राहिली होती. ब्रिज काढला, बारीक ड्रिलने तिरकं भोक पाडून वायर आत घेतली.

आता तिसरी गिटार चालू आहे, यावेळी हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा, ती गुणगुण मारणारा पिकअप. आणि तो 328 वाला नेक अजून टेबलाखाली आहे, नवीन फ्रेट ठोकायच्या आधी हात बसावा म्हणून त्याच्यावर दोन-चार ठोकून बघतो.