राणी मारली की पोळं संपतं का?

उन्हाळा लागला की हा प्रश्न ठरलेला. गॅलरीच्या छताला नाहीतर मीटरच्या पेटीत गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं असतं आणि घरातलं कुणीतरी विचारतं, "सर, यातली राणी कुठली तेवढं दाखवा. तिला मारली की बाकीच्या आपोआप जातील ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाही जाणार. मुळात राणी तुम्हाला ओळखूच येणार नाही. आपल्याकडे घराच्या आडोशाला नेहमी दिसणारी, तांबूस तपकिरी अंगाची आणि पोटावर पिवळा पट्टा असलेली माशी म्हणजे रोपालिडिया मार्जिनाटा. तिच्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. वागण्यावरून ओळखू म्हणाल, तर राणी पोळ्यावरची सगळ्यात गरीब. चावे काढणं, पाठलाग, दांडगाई हे सगळं दुसऱ्याच करतात. ती मधूनच पोट पोळ्यावर घासते. पोटातल्या ग्रंथीचा वास तिथं लागतो आणि बाकीच्यांना कळतं, की राणी घरात आहे.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच माशीवर कित्येक वर्षं काम केलं. राणी पोळ्यावरून उचलली, की थोड्याच वेळात एक कामकरी एकदम तापट होते, दिसेल तिच्या अंगावर धावून जाते. जुनी राणी परत ठेवली, की ही पुन्हा मुकाट कामाला लागते. नाही ठेवली, तर काही दिवसांत शांत होऊन अंडी घालू लागते. हिलाही उचललं तर तिसरी तयार. पुढची कोण, हे बघणाऱ्या माणसाला आधी सांगता येत नाही. माश्यांना मात्र ते ठाऊक असावं, कारण तिच्या हक्काला कुणी आव्हान देत नाही. आपल्याकडे सात-बाऱ्यावर वारसाचं नाव चढायला किती चपला झिजतात, ते आठवून मला यांचा हेवा वाटतो.

आणि ही झाली एका वेळी एकच राणी असणारी जात. दक्षिण अमेरिकेतल्या पोलिबियासारख्या माश्यांच्या एकाच पोळ्यात अनेक राण्या असतात. आपल्या माशीचं नवं पोळं एकटी मादी किंवा चार-दोघी मिळून सुरू करतात. तिकडं राण्या आणि कामकरी असा सगळा थवाच उठतो. आधी पुढं गेलेल्या माश्या जागा हेरतात आणि वाटेतल्या पानांवर, दगडांवर पोट घासत येतात. त्या वासाच्या मागावर बाकीच्या निघतात. नव्या पोळ्यात राण्या हळूहळू कमी होत जातात आणि अगदी थोड्या उरल्या, की मगच नव्या राण्या तयार होतात. त्यामुळं राण्या अनेक असूनही नव्या राण्या एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या निघतात. तिथं 'राणी मारा' म्हणणाऱ्यानं कुणाकुणाला मारायचं? थव्यानं घर करणारी एक जात आपल्या देशातही आहे, रोपालिडिया मोंटाना, पण ती दक्षिण भारतातली. सोलापूरच्या गॅलरीत तिची धास्ती नको.

इथल्या उन्हात या माश्या काय करतात, ते जमलं तर लांबून बघा. पारा चाळिशीच्या वर गेला, की त्या कूलरच्या टाकीवर येतात, काठावर बसून पाणी पितात, जाऊन थेंब पोळ्यावर ठेवतात आणि पंख हलवून वारा घालतात. झाडांवरच्या अळ्या पकडून, चावून लगदा करतात आणि आपल्या पिल्लांना भरवतात. कुंडीतल्या कढीपत्त्याला याचा फायदाच.

तेव्हा पोळं उंच आणि वाटेबाहेर असेल तर राहू द्या. दारात, पाळण्याजवळ असेल तर काढावंच लागेल, पण माहितगार माणसाकडून आणि अंधार पडल्यावर. रॉकेलचा टेंभा नको; त्यानं घरच पेटायचं. गांधीलमाशीचा काटा मधमाशीसारखा अंगात अडकून राहत नाही, एकच माशी पुन्हापुन्हा डंख मारू शकते. डंखानंतर कुणाचा चेहरा सुजला, श्वास लागला, तर चुना लावत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.