बाजाराचा चौक आणि ३३ मिलिसेकंद

पुण्यातल्या ज्या स्टुडिओत मी काम करतो, तिथे दुसऱ्यांनी बनवलेले गेम निंटेंडो स्विचवर आणले जातात. मूळ गेम प्लेस्टेशन ४ किंवा पीसीसाठी लिहिलेला असतो. आम्ही तो हातात मावणाऱ्या मशीनवर बसवतो. यालाच पोर्टिंग म्हणतात. करारामुळे गेमचं नाव सांगता येत नाही, पण त्यातल्या एका चौकाने आम्हाला चांगलंच जेरीस आणलं होतं.

भर बाजार, माणसांची गर्दी, वरून पाऊस. खेळणारा तिथे शिरला की चित्र अडखळायचं. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांच्या आत तयार व्हावी लागते. आमची ४० च्या पुढे जात होती. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होते, त्यामुळे जरासा उशीर झाला तरी जुनंच चित्र ५० मिलिसेकंद तसंच राहतं. हा झटका कुणाच्याही डोळ्यांना खटकतो.

सगळ्यांचा संशय पावसावर. ओल्या फरशीवरची प्रतिबिंबं महागडी असतात, हे खरंच आहे. पाऊस बंद करायचा प्रस्तावही आला. मी ठाम नाही म्हणालो. नायिकेला मागावर असलेला माणूस पहिल्यांदा त्या ओल्या फरशीतच दिसतो. फरशी कोरडी झाली तर प्रसंगच मरतो. पोर्टिंग म्हणजे दिसेल ते छाटणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण २०१९ मध्ये सेबर इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने ‘द विचर ३’ हा भलामोठा गेम दोन्ही मोठ्या विस्तारांसकट स्विचच्या ३२ जीबीच्या कार्डात बसवून दाखवला. चित्र धूसर झालं, पण कथा आणि जग अख्खं राहिलं. मला तसंच काम करायचं असतं.

चर्चा चालू असतानाच आमची टेस्टर आली. म्हणाली, “दादा, डॉकला लावलं तरी तिथंच अडकतंय. अगदी तेवढंच.”

तिच्या या वाक्याने सगळं चित्र पालटलं. स्विच डॉकला, म्हणजे टीव्हीशी जोडणाऱ्या स्टँडला, लावला की ग्राफिक्स चिपचा वेग ७६८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. हातात धरून खेळताना तो साधारण त्याच्या निम्माच असतो. सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, मात्र दोन्हीकडे १०२० मेगाहर्ट्झवरच चालतो. ग्राफिक्स दोषी असतं तर फरक पडायला हवा होता. खात्रीसाठी रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, पार खाली आणलं. चौक तसाच अडखळत राहिला. पाऊस निर्दोष सुटला!

कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते दाखवणारं साधन, म्हणजे प्रोफायलर, उघडला तेव्हा मूळ दुखणं सापडलं. बाजारातल्या प्रत्येक माणसाच्या सांगाड्याची (ज्या आभासी हाडांवर पात्र हलतं त्याची) हालचाल दर फ्रेमला मोजली जात होती, भिंतीआड उभे असलेल्यांचीसुद्धा. हे काम सीपीयूचं. प्लेस्टेशन ४ मध्ये त्याचे आठ कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे भाग. तिथे हा खर्च कुणाच्या लक्षातही आला नसता. स्विचमध्ये चार, त्यातला एक सिस्टिमकडे. उरलेल्या तिघांवर अख्खा बाजार.

दिसत नाहीत त्यांची हालचाल थांबवली. लांबच्यांची बोटं आणि चेहऱ्याची हाडं गाळली आणि त्यांची हालचाल दर चौथ्या फ्रेमला मोजायची असं ठरवलं. वेळ ३३ च्या खाली आला. संध्याकाळी मूळ गेमच्या आर्टिस्टला व्हिडिओ कॉलवर चौक दाखवला. त्याने बराच वेळ शांतपणे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या लोहाराकडे बोट दाखवलं. हातोडा हवेतून एकदम ऐरणीवर उडी मारत होता, घाव बसण्याआधीच आवाज येत होता. आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं. त्या लोहाराला नियमातून वगळलं; त्याची हालचाल पूर्वीसारखी दर फ्रेमला मोजायची. एका माणसाचा खर्च आम्हाला सहज परवडत होता, आणि मला तर तो आनंदाने द्यावासा वाटला. ज्याने तो हातोडा घडवला, त्याला प्रत्येक घाव पाठ होता.

पावसासकट, प्रतिबिंबांसकट चौक ३१ मिलिसेकंदांवर स्थिरावला. टेस्टरने स्विच हातात घेऊन पूर्ण बाजार पालथा घातला, एकदाही अडखळला नाही. मग तिने पुढचा बग नोंदवला: टीव्हीसाठी बेतलेले संवाद ६.२ इंचांच्या स्क्रीनवर वाचता येत नाहीत. बरोबरच होतं. तो मी लगेच माझ्या नावावर घेतला.