तुम्ही विचारलंत म्हणून: घर आत्ता विकावे की थांबावे?

घर विकायला निघालेले बहुतेक जण मला हेच विचारतात की, सध्या बाजार कसा आहे आणि थोडे थांबलो तर जास्त मिळेल का.

शहराच्या सरासरी भावावरून मी याचे उत्तर देत नाही, कारण गिऱ्हाईक सरासरी घर घेत नाही. त्याला तुमच्याच परिसरातले, तुमच्याएवढे घर हवे असते. तशी १८ घरे विक्रीला असतील आणि महिन्याला ३ जात असतील, तर तो सहा महिन्यांचा साठा झाला. साठा याहून बराच वाढला की घासाघिशीत खरेदीदाराची बाजू वरचढ होते. भाव मात्र नोंदणी झालेल्या व्यवहारांवरून काढावा, जाहिरातींवरून नव्हे. जाहिरातीत छापलेली असते ती मालकाची अपेक्षा.

ही अपेक्षा सहजी खाली येत नाही. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी बॉस्टनमधील सदनिकांच्या विक्रीचा अभ्यास करून २००१ मध्ये दाखवले की, तोट्यात विकण्याची वेळ आलेले मालक अधिक किंमत मागतात, विक्री झालीच तर त्यांना भावही काहीसा जास्त मिळतो, पण त्यांची घरे अधिक काळ पडून राहतात. तेव्हा थांबायचेच असेल, तर त्या वाढीव भावातून मधल्या महिन्यांचे कर्जाचे व्याज, देखभाल खर्च आणि मालमत्ता कर वजा करून पाहावेत. दलाली, वकिलाची फी, रंगरंगोटी, सामान हलवण्याचा खर्च आणि नफ्यावरचा कर लोक निदान धरतात तरी. रिकाम्या घराचे महिने कोणीच धरत नाही, आणि माझ्या मते तोच खर्च सर्वांत घातक असतो.

उलट घाई करण्यातही नुकसान आहे. दलाली दोन टक्के असेल, तर किंमत शंभर रुपयांनी वाढली तरी दलालाच्या वाट्याला दोनच रुपये येतात, त्यामुळे आलेले गिऱ्हाईक परत पाठवण्यात त्याचे हित फारसे नसते. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन यांना अमेरिकेतील सुमारे एक लाख घरविक्रींत आढळले की, दलाल स्वतःचे घर विकतात तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. म्हणून ‘हाच भाव घेऊन टाका’ असा सल्ला मिळाला, तर तशाच घरांचे अलीकडचे नोंदणीकृत व्यवहार दाखवायला सांगावे आणि मगच होकार द्यावा.