सत्तर दोन की बाहत्तर?

2019 सालच्या जून महिन्यात माझी मुलगी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत दुसरीत गेली आणि काही दिवसांतच 72 या संख्येवरून आमच्या घरात वाद झाला. ती ‘सत्तर दोन’ म्हणत होती आणि ऐरोलीहून कामावरून दमून आलेला मी ‘बाहत्तर म्हण’ असे तिला दरडावत होतो. शेवटी रडकुंडीला येऊन तिने पुस्तकच माझ्यापुढे धरले. बालभारतीच्या नव्या गणितात संख्यावाचनाची ती पद्धत खरोखरच दिलेली होती, आणि जुनी नावेही होती.

त्यावरून तेव्हा वर्तमानपत्रांत आणि विधानसभेतही बरेच वादंग झाले. मलाही प्रथम ती भाषेची मोडतोडच वाटली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी दिलेले स्पष्टीकरण मी वाचले ते काहीशा नाखुशीने: जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांना जड जातात, शिवाय आपण लिहिताना दशक आधी लिहितो, पण बोलताना एकक आधी उच्चारतो. मग मी मुलीला ‘बाहत्तर’ लिहायला सांगितले, तर तिने 27 लिहिले. ‘सत्तर दोन’ म्हटल्यावर मात्र एका दमात 72. वर्षभर तिच्या वहीत दिसणाऱ्या ज्या चुकांना मी हलगर्जीपणा म्हणत होतो, त्यांचे कारण असे समोर आले. (पाढे मात्र आम्ही आजही जुन्याच पद्धतीने म्हणतो, ‘बे एके बे’ची लय सोडवत नाही.)

2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 51क मध्ये पालकांसाठी एक मूलभूत कर्तव्य घातले: सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणे. प्रवेश घेतला, फी भरली, शिकवणी लावली की ते पार पडले, असे मीही मानत होतो. परंतु घरी अभ्यासाला बसवताना शाळेत काय आणि कोणत्या रीतीने शिकवले जाते हे पालकाला ठाऊक नसेल, तर त्याची मदत मुलाला दोन शिक्षकांच्या कात्रीत पकडते, आणि त्यातला एक शिक्षक रागावलेला असतो.

तेव्हापासून उत्तर सांगण्याआधी मी ‘बाईंनी कसं करून दाखवलं?’ एवढेच विचारतो. कधी तिला सांगता येत नाही. मग आम्ही पुस्तकातले सोडवलेले उदाहरण एकत्र वाचतो, आणि तरीही अडले तर वहीत पेन्सिलीने खूण करून प्रश्न शाळेत पाठवतो. गृहपाठ अपुरा गेला म्हणून शेरा आला, तर तो मी सही करून स्वीकारतो. प्रकल्पाचे थर्माकोल कापून देणे मात्र मला अजून पूर्णपणे सोडता आलेले नाही.

आता ती आठवीत आहे. परवा बैजिक राशींचे अवयव पाडताना मी माझ्या काळची एक युक्ती सुचवली, तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, ‘बाबा, आधी पुस्तक बघा.’