तुम्ही विचारलंत म्हणून : हे जुनं धूड कशाला उघडून बसतेस?

घरी कुणी पहिल्यांदा आलं की चहा होईपर्यंत गराजमध्ये डोकावतंच. तिथे बाकावर एखादा जुना उभा व्हॅक्यूम क्लीनर सुटा करून ठेवलेला असतो आणि शेजारी मिसळणाच्या डब्यात त्याचे स्क्रू, वाटीवाटीत वेगवेगळे. मग प्रश्न येतो. मराठी मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, शेजारी विचारतात, पुण्याहून मामी फोनवर विचारते, "अगं, तिकडे शे-दीडशे डॉलरला कोरा करकरीत मिळतो ना? मग पन्नास वर्षांचं हे धूड कशाला उघडून बसतेस?" अलीकडे त्याला आणखी एक प्रश्न जोडला गेलाय, "आमच्या बेसमेंटमध्ये आधीच्या घरमालकाचा एक पडून आहे, तो चालू होईल का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकातच आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

ही यंत्रं दुरुस्त होतात, कारण ती झिजणार हे बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं होतं. मोटारीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, बेअरिंग, रोलरचे ब्रशसारखे केस, रबरी पट्टा, वायर, पिशवी, यांतलं जे झिजतं ते काढता येतं आणि नवं बसवता येतं. बाकी उरतं ते ॲल्युमिनियमचं ओतीव अंग. त्याला गंज चढत नाही आणि नीट वापरलं तर ते कित्येक वर्षं टिकतं. आजचे बरेचसे स्वस्त क्लीनर प्लॅस्टिकच्या खाचांनी मिटवलेले असतात. उघडायला गेलं तर खाच तुटते. मोटार चांगली असूनही दहा पैशांच्या तुकड्यापायी अख्खं यंत्र कचऱ्यात जातं, याचा मला मनापासून राग येतो.

मी राहते तो अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा ईशान्य कोपरा या यंत्राचं माहेरच आहे. इथून जवळच्या कँटन गावात जेम्स मरे स्पँग्लर नावाचे गृहस्थ एका दुकानात साफसफाईचं काम करायचे. त्यांना दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणारी धूळ त्यांना सोसवत नसे. त्यांनी पंख्याची मोटार, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा एवढ्यावर एक यंत्र जुळवलं. 2 जून 1908 रोजी त्यांना त्याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी ते पेटंट विल्यम हूवर यांनी घेतलं. हूवर यांचा धंदा चामड्याच्या सामानाचा, घोड्यांच्या साजाचा. मोटारगाड्या येऊ लागल्या होत्या, त्यामुळे त्यांना नवा धंदा हवाच होता. पुढे क्लीव्हलंडमध्ये कर्बी आणि रॉयल या कंपन्याही याच घाटाचे क्लीनर बनवू लागले. हूवरचा नॉर्थ कँटनचा कारखाना 2007 साली बंद पडला. पण या भागातल्या घरांच्या तळघरांत, इस्टेट सेलमध्ये (म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे), कचऱ्याच्या दिवशी रस्त्याच्या कडेला ही यंत्रं अजून सापडतात. माझ्याकडे येतात ती बहुतेक अशीच.

आपल्याकडे उभा क्लीनर फारसा कुणी पाहिलेला नसतो. 1980च्या दशकात युरेका फोर्ब्सचे विक्रेते दारोदार येऊन दाखवायचे तो आडवा, लांब नळीचा. फरशीला तोच पुरतो, खरं तर केरसुणी आणि ओलं फडकंही पुरतं. इथली घरं मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिच्याची. बुटांबरोबर आलेली बारीक वाळू गालिच्याच्या मुळाशी जाऊन बसते आणि पाऊल पडेल तसे धागे कापत राहते. ती नुसत्या ओढीने वर येत नाही. गालिचा हलवावा लागतो, झटकावा लागतो. उभ्या क्लीनरच्या पुढच्या तोंडात फिरणारा रोलर असतो तो त्यासाठी. 1926 साली हूवरने रोलरवर केसांच्या जोडीला धातूच्या पट्ट्या बसवल्या. फिरता फिरता त्या गालिच्याला ठोकत जातात. आपण चटई दोरीवर टाकून काठीने बडवतो, तेच काम ते यंत्र जमिनीवर करतं. जुनं यंत्र गालिचा चांगला साफ करतं, असं मी म्हणते ते या रोलरमुळे.

आता काम कसं करायचं ते सांगते. माझ्या हातात सध्या सत्तरच्या दशकातला कर्बी क्लासिक थ्री आहे, म्हणून त्याच्यावरून सांगते.

पहिली गोष्ट, सापडल्या सापडल्या प्लग लावून बघायचा नाही. सगळ्यांना तोच मोह होतो. पण इतकी वर्षं पडून राहिलेल्या यंत्रात बेअरिंगमधलं ग्रीस वाळलेलं असतं आणि वायरीवरचं रबर कडक होऊन वाकवलं की भुगा पडतो. अंग धातूचं, प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नाही. म्हणजे हात आणि वीज यांच्यामध्ये फक्त ते रबर. आधी मल्टिमीटर घ्यायचा, यंत्राचं बटण चालू स्थितीत ठेवायचं आणि प्लगची एकेक पिन व धातूचं उघडं अंग यांच्यामधला रोध मोजायचा. थोडासाही प्रवाह जातोय असं दिसलं तर पुढे जायचं नाही, आधी वायर बदलायची. मी तर मोजमाप चांगलं आलं तरी वायर बदलतेच. इथे व्हॅक्यूम क्लीनरसाठीची म्हणून वेगळी, लवचीक, दोन तारांची वायर मिळते. इथल्या प्लगची एक पिन रुंद असते; तिची तार कुठली आणि बटणाकडे जाणारी कुठली हे नीट बघून जोडायचं. वायर अंगात शिरते तिथे ती ओढली गेली तरी सांध्यावर ताण येऊ नये अशी आतून गाठ किंवा पकड असलीच पाहिजे.

पिशवी रिकामी करायची ती घराबाहेर, तोंडाला चांगला मास्क लावून. त्या धुळीत कुणाच्या घरातली बुरशी असते, जुन्या घरांतल्या शिशाच्या रंगाची पूड असू शकते. इथे घाई नको.

मग पंखा. कर्बीमध्ये आणि त्या काळच्या बहुतेक उभ्या क्लीनरमध्ये कचरा आधी पंख्यातून जातो आणि मग पिशवीत फेकला जातो. वाट आखूड असल्यामुळे कमी ताकदीच्या मोटारीतही हवा भरपूर वाहते. मोटार थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, म्हणून पिशवी भरली तरी मोटार लगेच तापत नाही. या रचनेची किंमत पंखा मोजतो. गालिच्यातलं नाणं, खडा, मुलांच्या खेळण्याचा तुकडा थेट त्याच्या पात्यावर आदळतो. एक जरी पातं तुटलेलं असलं तरी तो पंखा वापरायचा नाही. तोल गेलेला पंखा हजारो फेऱ्यांनी फिरतो तेव्हा बेअरिंगची वाट लावतो, आणि बेअरिंगमागून आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा गाभा, जातं. पंखा हाताने फिरवून कान लावायचा. कोरडा खरखराट ऐकू आला तर बेअरिंग बदलायचं. बॉल बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, तो सांगितला की त्याच मापाचं नवं मिळतं.

मोटारीचा भाग मला सगळ्यांत आवडतो. या मोटारी मिक्सरमध्ये असतात त्याच जातीच्या, एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर असतो आणि त्याला दोन बाजूंनी कार्बन टेकलेले असतात. कार्बन ओढून बघायचे. आखूड झाले असतील, कडा तुटल्या असतील तर जोडीने बदलायचे. कम्युटेटरवर काळा थर चढलेला असतो. तो बारीक पॉलिश पेपरने, मोटार हाताने फिरवत, हलक्या हाताने काढायचा. एमरी कापड वापरायचं नाही. त्याचे कण वीज वाहून नेऊ शकतात, ते दोन पट्ट्यांमधल्या फटीत अडकले की ठिणग्या उडत राहतात. शेवटी त्या फटी लाकडी काडीने साफ करायच्या. तांबं पुन्हा लालसर दिसू लागलं की मला जो आनंद होतो, तो बाहेरच्या चकाकीने होत नाही.

जोडणी झाल्यावर पहिल्यांदा वीज द्यायची ती आपल्याकडच्या इलेक्ट्रिशियनसारखी, सिरीज बोर्डावरून. म्हणजे जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा तारेचा बल्ब यंत्राबरोबर एका ओळीत जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर मोटार सावकाश फिरू लागते. पुण्यात प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर असा बोर्ड असायचा. इथल्या हौशी लोकांनाही ही युक्ती माहीत आहे. त्यानंतर थेट वीज द्यायची, पण तीही विजेची गळती झाल्याबरोबर बंद होणाऱ्या सॉकेटमधून.

रोलरकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण लोक तिथे बघतच नाहीत. रोलरभोवती गुंडाळलेले माणसांचे केस आणि दोरे कात्रीने कापून काढायचे, टोकांची बेअरिंग साफ करायची. मग यंत्राचं पुढचं तोंड उलटं धरून त्याच्या दोन्ही कडांवर एक ताठ कार्ड आडवं ठेवायचं. रोलरचे केस कार्डाला टेकले तर ठीक. टेकत नसतील तर कर्बीच्या रोलरच्या टोकांवर 1, 2, 3 असे आकडे आहेत. दोन्ही टोकं सारखी फिरवून पुढच्या आकड्यावर आणली की रोलर गालिच्याच्या जवळ सरकतो. केस झिजणार, हे ओळखून त्याची सोय यंत्रातच करून ठेवलेली! तिन्ही आकडे संपले की मग नवा रोलर घ्यायचा.

पट्ट्याचंही तसंच. मोटारीचा दांडा पुढच्या दिशेने येतो आणि रोलर आडवा असतो, म्हणून सपाट रबरी पट्टा पाव वळण घेऊन चढतो. कर्बीला तो चढवा-उतरवायला पुढे एक फिरवायची कळ आहे, हात काळे करावे लागत नाहीत. रोलरमध्ये मोजा अडकला तर पट्टा घसरतो, जळका वास येतो, कधी तुटतो. तो तुटावा अशीच योजना आहे. पट्टा चार-दोन डॉलरचा, मोटार त्याच्या कितीतरी पट महाग. माझ्याकडे आलेल्या "बंद पडलेल्या" यंत्रांपैकी काहींना पट्ट्यापलीकडे काही झालेलंच नव्हतं.

चकाकी शेवटी. याच क्रमावर मी अडून बसते. बरेच जण पॉलिशपासून सुरुवात करतात, आणि मग आरशासारख्या लखलखीत अंगात कडक झालेली वायर तशीच राहते. ॲल्युमिनियमला आधी साध्या साबणाने धुवायचं. ओव्हन साफ करायची औषधं किंवा भांड्यांच्या मशीनची पावडर लावली तर ते काळं पडतं. मग पाण्यातला पॉलिश पेपर, जाडाकडून बारीककडे, आणि त्यानंतर बफिंग. कोरलेल्या अक्षरांजवळ मी पेपर नेत नाही, कारण अक्षरं एकदा बोथट झाली की परत येत नाहीत. खोल ओरखडे मी राहू देते. पन्नास वर्षं कुणीतरी ते यंत्र पलंगाखाली सरकवलं, टेबलाच्या पायांवर आपटलं, त्याच्या खुणा आहेत त्या.

एक सूचना मात्र कळकळीची. घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर जुनी कापडी पिशवी तशीच वापरू नका, बारीक धूळ तिच्यातून बाहेर येते. आत बसणाऱ्या, बारीक धूळ अडवणाऱ्या पिशव्या आता मिळतात, त्या लावा. स्पँग्लर यांनी हे यंत्र दम्यापायीच बनवलं होतं, त्याच्यापासून कुणाला धाप लागू नये.

मामीचा पुढचा प्रश्न असतो, "मग एक मला आणशील का?" तर नाही. इथली वीज 120 व्होल्टची, तिकडची 230. साठऐवजी पन्नास सायकल असल्याने या जातीच्या मोटारीचं बिघडत नाही, पण व्होल्टेज उतरवायला चांगला जाडजूड ट्रान्सफॉर्मर लागेल. आणि एवढं करून ते चालवायचं कशावर, तर मोझॅकच्या फरशीवर.

सगळीच यंत्रं उभी राहत नाहीत, हेही सांगायला हवं. ओतीव अंगाला मोठी चीर गेली असेल किंवा आर्मेचर जळलं असेल तर मी थांबते. पुण्यात आर्मेचर गुंडाळून देणारा वाइंडिंगवाला सहज सापडतो. इथे ते काम करणारे थोडे, आणि मजुरी यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त. पण असं यंत्रही टाकायचं नसतं. त्याचा पंखा, चाकं, दांडा, दिव्याची काच, पट्ट्याची कळ दुसऱ्या कुणाच्या यंत्राला लागते. तेव्हा बेसमेंटमधलं ते धूड कचऱ्याच्या गाडीत जाण्याआधी त्याच्या मागच्या पाटीचा फोटो मला पाठवा. मॉडेल कळलं की पट्टा आणि पिशवी कुठली लागेल ते सांगेन, आणि चालण्यातलं नसेल तर मी येऊन घेऊन जाईन.